चंदर तांबेचा साचा

हौसेला मोल नसतं म्हणतात. चंदर तांबेच्या हौसेला मोल नसलं तरी साल होतं, आणि ते साल होतं एकोणीसशे अठ्ठावन्न. त्यानंतर जन्मलेली कुठलीही वस्तू 'भोंगा' मंडळाच्या शेडमध्ये दिसली की चंदरच्या कपाळाला आठी पडायची. ती आठी घालवायची तर समोरच्याला घरी जाऊन कपडे बदलून यावं लागायचं.

'भोंगा' हे मुलुंड पूर्वेचं हौशी मंडळ. ज्यांचे बाप-आजे परळ-लालबागच्या गिरण्यांत खपले अशा वीस-पंचवीस जणांचं. कोणी बँकेत, कोणी विम्यात, कोणी शाळेत. दर रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या छापखान्याच्या शेडमध्ये ही मंडळी जमायची आणि अठ्ठावन्न सालची गिरणी कामगार व्हायची. डोक्याला फडकं बांधायचं, हजेरीच्या खिडकीशी हुज्जत घालायची, खानावळीतल्यासारखी पंगत मांडून भाकरी-सुकटीवर ताव मारायचा आणि मग गाडीत एसी लावून घरी जायचं. ज्या घामापासून बापानं पोरांना लांब ठेवलं त्याच घामाची पोरांना आता ओढ लागली होती. पोट भरल्यावर उपाशी दिवसांच्या गोष्टी गोड लागतात, त्यातलाच हा प्रकार.

चंदर एकसष्टीचा. विक्रोळीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला, घाटकोपरला पंतनगरात राहणारा. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. घरात तो आणि पंच्याऐंशी वर्षांची आई, अंजनाबाई. मंडळात तो आला तेव्हा त्याच्या हातात बापाची गिरणीतली एकच वस्तू होती: पितळेचा, झिजून गुळगुळीत झालेला बिल्ला. त्यावर नंबर आणि खात्याचं नाव, रिंग. त्याचा बाप राघो तांबे एकतीस वर्षं रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, होता.

मंडळाचं पहिलं वर्ष म्हणजे नुसता गोंधळ होता. जो तो पुढारी. एका रविवारी सहा जण भाषण करायला उभे आणि ऐकायला कामगार म्हणून एकटा चंदर! त्यानं त्या दिवशी सगळ्यांना खडसावलं आणि नियम घातला: ज्याच्या घरात जो बिल्ला, त्यानं तेच काम करायचं. आजा हमाल असेल तर हमाल, बाप झाडूवाला असेल तर झाडूवाला. मंडळाचा अध्यक्ष सुबोध राणे, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा, बेचाळिशीचा, अभ्यासू आणि तोंडानं गोड. त्याला तो नियम एवढा आवडला की त्यानं तो सुबक अक्षरात लिहून भिंतीला लावला.

सगळ्यांना आवडला असं नाही. नेत्रा नावाची बँकेतली मुलगी मंडळाचे व्हिडिओ काढायची. तिच्या नखांचा रंग चंदरनं तीनदा पुसायला लावला होता. चौथ्यांदा ती वैतागली.

"काका, आपण इथे मजा करायला येतो ना? दहावीची परीक्षा आहे का ही?"

"मजा करायची तर वॉटरपार्कला जायचं," चंदर म्हणाला. "इथे माझ्या बापाचं नाव घेतो आपण. खोटं चालायचं नाही."

"अहो, पण लोक कंटाळतात. जरा नाच, जरा गाणं..."

"नाचायला गिरणीत वेळ नव्हता गं."

असा हा माणूस. खरेपणाचं वेड डोक्यात गेलेला. मागून लोक त्याला 'मुकादम' म्हणायचे आणि ते त्याला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्याला त्यात थोडा मानही वाटायचा. कारखान्यात उभ्या हयातीत कोणी त्याला घाबरलं नव्हतं.

एक जागा मात्र अशी होती जिथे तो स्वतःचा नियम सोयीनं विसरला होता. ती जागा म्हणजे साचा. साचा म्हणजे कापड विणायचा माग. राघो तांबे घरी गिरणीबद्दल फार बोलायचा नाही, पण रविवारी विडी ओढता ओढता कधीतरी म्हणायचा, "साच्यावरचा माणूस म्हणजे राजा रे. पगार बघ, रुबाब बघ." चंदरनं लहानपणी विचारलं होतं, मग तुम्ही का नाही जात साच्यावर? "आपल्याला नाय जमायचं ते," एवढंच बाप म्हणाला आणि उठून गेला. चंदरच्या मनात ते रुतून बसलं. बंद पडलेली घड्याळं खोलून चालू करणारा बाप, आणि त्याला साचा जमायचा नाही? चार माणसांत बापाच्या नावानं एकदा साचा चालवायचा, एवढी एकच इच्छा त्यानं म्हातारपणासाठी शिल्लक ठेवली होती.

भिवंडीच्या भंगारात त्याला एक जुना साचा मिळाला. गंजलेला, दोन बाजू तुटलेल्या. दोन वर्षं तो त्या साच्याशी झटला. दांडे बदलले, चाकांना दात पाडून आणले, धोटा गुजरातेतून मागवला. साच्याचा धोटा म्हणजे लाकडाची होडी, तिच्या पोटात सुताची कांडी. कांडी बदलली की धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा, मग सुताचं टोक बाहेर येतं. जुन्या साचेवाल्यांची हीच रीत. चंदरला ती जमायला महिना लागला. जमली त्या दिवशी ओठांना लागलेला कापसाचा तंतूही त्यानं पुसला नाही. घरी येऊन आईला म्हणाला, "एक मेला कार्यक्रम आहे. मी साचा चालवणार. तू यायचंस."

अंजनाबाई त्याच्या ओठावरच्या तंतूकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "येईन. तुजा बाप असता तर..." आणि पदर डोळ्यांना लावला.

मार्चमध्ये सुबोधनं दहिसरहून लवू परबांना आणलं. पंच्याऐंशी वर्षांचा खरा साचेवाला, अठ्ठावन्न साली गिरणीत लागलेला. थकलेला, पण हात स्थिर. मंडळानं त्यांना खुर्चीवर बसवून हार घातला. चंदरनं त्यांच्यासमोर साचा चालू केला, थांबवला, कांडी बदलली आणि धोटा तोंडाला लावून धागा ओढून दाखवला. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"झकास! बरोब्बर असोच!" लवू म्हणाले. "खंयच्या खात्यात होतो रे तुजो बापूस?"

"रिंगखात्यात. राघो तांबे. संगमेश्वरकडचे आम्ही."

म्हाताऱ्यानं धोटा घ्यायला हात पुढे केला होता, तो तिथेच थांबला. मग तो हळूच मांडीवर ठेवला. आवाजात राग नव्हता, कुचेष्टा नव्हती. जुनी आठवण सांगावी तसं ते म्हणाले, "मगे तो साच्यार खंयसून येतलो? आमची माणसां एकमेकांच्या धोट्याक तोंड लावायची. तुमच्यातल्याक कोण लावूक देतलो? पाणीसुद्धा वरसून घालीत तुमका. पिंपाक हात लावूचो नाय. तेव्हाची रीतच ती."

खातं, नाव आणि गाव, एवढ्यावरून म्हाताऱ्यानं जात ओळखली होती. चंदर बौद्ध आहे हे मंडळात कोणी विचारलं नव्हतं, त्यानंही सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं, फक्त वेळ आली नव्हती. तोंड न लावू देण्याची ही गोष्ट त्यानं भाषणांत ऐकली होती, पुस्तकांत वाचली होती. पण ती जुनी, आज्याच्या काळातली, अस्पृश्यताबंदीचा कायदा होण्याआधीची, असं तो धरून चालला होता. स्वतःच्या बापाशी त्यानं ती कधी जोडलीच नव्हती. बाप म्हणाला होता, जमायचं नाही. त्या वाक्याचा अर्थ त्याला एकसष्टाव्या वर्षी, हारतुरे घातलेल्या एका म्हाताऱ्याकडून कळला.

"पण कायदा झाला होता ना तेव्हा?" नेत्रानं विचारलं.

"कायदो फाटकाभायर," लवू म्हणाले.

पुढच्या रविवारी सुबोध तावातावानं आला. त्यानं आठवडाभर ग्रंथालयं पालथी घातली होती. "चंदरकाका, हे सोनं आहे सोनं! हे कोणी दाखवत नाही. सगळे भजन आणि खानावळ दाखवतात. आपण खरं दाखवू. साच्यापासून चार हातांवर रेघ मारायची. रेघेच्या अलीकडे तुम्ही, तुमच्या वडिलांच्या भूमिकेत. सूत आणून ठेवायचं, पलीकडे जायचं नाही. मग तुम्ही पाणी मागता आणि लवूआजोबा वरून ओततात. बस. लोकांच्या अंगावर काटा येईल."

"आणि साचा?" चंदरनं विचारलं.

सुबोध जरा घुटमळला. "साचा... माझे पणजोबा साचाखात्यात होते. बिल्ला आहे घरी. तुमचाच नियम ना काका."

नेत्रा मध्ये पडली. "सुबोध, नको यार. कशाला? काकांनी दोन वर्षं मर मर केलीय त्या साच्यावर. त्यांना चालवू दे. कोण बिल्ले तपासायला येणार आहे?"

"मग आपण आणि सिरियलवाले सारखेच," सुबोध म्हणाला. "काका, तुम्हीच सांगा. खोटं चालेल?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोन वर्षं ज्यानं लोकांची घड्याळं काढायला लावली, नखं पुसायला लावली, हमालाच्या नातवाला गोणी उचलायला लावली, तो आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? चंदर नाही म्हणू शकला नाही. पण तेवढंच कारण होतं असंही नाही. त्या रात्री त्यानं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत स्वतःची समजूत घातली की दाखवलंच पाहिजे. बघू देत सगळ्यांना. मान खाली जाऊ दे त्यांची. तो भाबडा होता. लाज वाटण्यासाठी आधी ती गोष्ट आपली आहे असं वाटावं लागतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

आईला मात्र त्यानं काही सांगितलं नाही. सांगू सांगू म्हणता एप्रिल संपला.

एक मेला संध्याकाळी पाच वाजता शेडपुढच्या अंगणात चारेकशे माणसं जमली. मुलंबाळं, म्हातारे, सरबताच्या गाड्या. अंजनाबाईंना पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. त्या पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून आल्या होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, "तो साचा माज्या चंदरनं केलाय. तोच चालवणार."

भोंगा झाला. साचा सुरू झाला आणि त्या खटाखट आवाजानं लोक उठून उभे राहिले. साच्यापुढे सुबोध होता. त्यानं कांडी बदलली, धोटा तोंडाला लावला, धागा ओढला आणि टाळ्यांचा पाऊस पडला. चंदर खडूच्या रेघेअलीकडे अनवाणी उभा होता. डोक्याला फडकं, हातात सुताची टोपली. चार मिनिटांत साच्याचा आवाज बदलला. डाव्या बाजूचा दांडा किंचित सैल झालाय हे चंदरला कानानंच कळलं. त्याचा पाय आपसूक पुढे पडला. सुबोधनं भूमिका न सोडता त्याच्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी खुणावलं: रेघ. चंदरनं पाय मागे घेतला. स्वतःच्या हातानं उभा केलेला साचा धागे तोडू लागला, आणि तो बघत राहिला.

मग पाण्याचा प्रसंग. लवू परबांना उठवून आणलं. त्यांची तालीम झालीच नव्हती, प्रकृती बरी नव्हती म्हणून. पण तांब्या हातात येताच म्हाताऱ्यानं हात वर नेला आणि तो एका ठरावीक उंचीवर थांबला. कोणी शिकवावं लागलं नाही. चंदरनं गुडघे वाकवले, ओंजळ तोंडाशी धरली. पाणी पडलं. अर्धं तोंडात गेलं, अर्धं कोपरावरून ओघळून सदऱ्यात शिरलं. एक लहान पोरगी खुदकन हसली, तिच्या आईनं तिला गप्प केलं आणि मोबाइल वर धरला. शेकडो मोबाइल वर होते. चंदरनं पाण्याच्या धारेआडून लोकांकडे बघितलं. एकाचीही मान खाली नव्हती. सगळे नीट दिसावं म्हणून माना उंच करत होते.

टाळ्या साच्यापेक्षा जास्त पडल्या.

नेत्रा धावत पुढे आली. मंडळात त्या प्रसंगाला विरोध करणारी तीच एकटी, पण कॅमेरा हातात आला की माणूस दुसराच होतो. "काका, सॉरी, मध्ये एकाचं डोकं आलं. एकदा परत? ह्या बाजूनं. फक्त ओंजळीचं."

चंदरनं परत गुडघे वाकवले. त्याला नंतर कितीतरी दिवस स्वतःला विचारावंसं वाटलं की का वाकवले. नाही म्हणता आलं असतं. पण अंगात राघो तांबे शिरला होता आणि राघो तांबे नाही म्हणाला नसता. पुन्हा पाणी पडलं. या वेळी ओंजळीतून वर बघताना त्याला पुढची रांग दिसली. आईची खुर्ची रिकामी होती.

अंजनाबाई फाटकाबाहेर, नारळपाणीवाल्याच्या बाकड्यावर बसल्या होत्या. चंदर ओल्या सदऱ्यातच आला. त्यानं रिक्षा थांबवली, आईला हात देऊन चढवलं. विक्रोळी आली तरी त्याचा सदरा ओलाच होता.

"आई, खरं होतं म्हणून केलं," शेवटी चंदर म्हणाला. "लोकांना कळायला नको?"

अंजनाबाई समोर बघत बोलल्या. "मला ठावं होतं रे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठावं झालं. घरी आला की आधी माठाशी जायचा. स्वतःच्या हातानं बुडवून, तोंडाला लावून, चार-चार पेले प्यायचा. मी एकदा विचारलं, तर रडला. एकदाच. म्हणाला, पोरांना कळता कामा नये. पोरं मान वर करून चालली पायजेत." त्या थांबल्या. "एकतीस वर्षं त्यानं ते फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. घराच्या, म्हणते मी. त्यो गेल्यावर मी पण तोंड उघडलं नाही. आणि तू त्याला चारशे माणसांत वाकवलास. दोनदा."

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि गाणं बंद केलं. पंतनगरला उतरताना आईनं त्याचा हात धरला नाही. कठड्याला धरून एकेक पायरी चढली.

तिसऱ्या दिवशी सुबोधचा फोन आला. आवाज आनंदानं फुललेला.

"चंदरकाका, कमाल झाली! व्हिडिओ कुठच्या कुठे गेलाय. दहिसरच्या मंडळानं बोलावलंय, बोरिवलीच्या शाळेनं बोलावलंय. साचा नाही आणला तरी चालेल म्हणतात, जड पडतो. पण पाण्याचा प्रसंग हवाच हवा. लवूआजोबाही तयार आहेत."

"मी नाही येणार," चंदर म्हणाला. "दुसरं कोणी बघ."

"अहो, असं काय करता काका? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बरी आहे. तू कर ना. तुला सगळं येतं."

"मी कसा करणार?" सुबोधला खरंच प्रश्न पडला होता. त्याच्या बोलण्यात काडीचं कपट नव्हतं, आणि तेच चंदरला सगळ्यात जास्त लागलं. "ते खोटं वाटेल. हे काम तुम्हीच करायला हवं. तुमच्याशिवाय मंडळात तसं कोणी नाही ना, काका."

आतल्या खोलीत आई भांडी लावत होती. तिचे हात थांबल्याचं चंदरला ऐकू आलं.

"नाही," तो म्हणाला. "कोणी नाही." आणि त्यानं फोन ठेवला.